साडेचारच्या बसच्या आत

दुसऱ्या वर्षाला असताना मी वर्गप्रतिनिधी म्हणून निवडून आले आणि त्याच वर्षी विद्यार्थी मंडळात सांस्कृतिक सचिव झाले. हे कसं झालं ते जरा सविस्तर लिहिते आहे. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण अशा गोव्यातल्या लांबच्या तालुक्यांतून रोज बसने कॉलेजला येणाऱ्या मुलामुलींना अजूनही वाटतं की मंडळ, फेस्ट, नाटक, स्पर्धा हे सगळं पणजी-मडगाव-फोंड्यात राहणाऱ्यांचं. आपण लेक्चर संपलं की स्टँड गाठायचा. पहिलं वर्षभर मलाही तसंच वाटत होतं, आणि त्याला कारण होतं.

आमचं घर वाळपईच्या पुढे. कॉलेज फोंड्याजवळ. सकाळी गावातून वाळपई, तिथून होंडा, उसगाव-तिस्क करत फोंडा. परतताना साडेचारची बस मिळाली तर वाळपईहून गावाकडे जाणारी शेवटची गाडी सापडते. ती गेली की बाबांना मोटरसायकल घेऊन वाळपईला यावं लागतं, आणि पावसाळ्यात त्या रस्त्याने रात्री येणं म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर. आमच्या कॉलेजात लेक्चर तीनला संपायची आणि कुठल्याही कार्यक्रमाची तालीम साडेतीनला सुरू व्हायची. गायन असो, पथनाट्य असो, वेळ ठरलेली: साडेतीन ते सहा. नोटीस बोर्डावर 'इच्छुकांनी नावे द्यावीत' असं लिहिलेलं असायचं. इच्छुक आम्हीही होतो. नावं देता येत नव्हती.

पहिल्या वर्षी मला एकच दार उघडं मिळालं, ते एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं. वर्षाला १२० तास काम करावं लागतं, आणि आमचे बरेचसे तास शनिवारी व्हायचे. शनिवारी लेक्चर लवकर सुटतात, त्यामुळे काम करूनही दुपारची बस मिळायची. शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. तिथे मुक्कामच असल्यामुळे बसचा प्रश्न नव्हता. त्या शिबिरात मला पहिल्यांदा दुसऱ्या शाखांची मुलं ओळखीची झाली. बंधारा घालताना दगड हातोहात पुढे जायचे तेव्हा शेजारी कोण उभा आहे, कॉमर्सचा की सायन्सचा, हे कुणी विचारत नव्हतं. कॉलेजात नवीन आलेल्या, लांबून येणाऱ्या कुणालाही मी आजही पहिल्यांदा हेच सांगते: आधी एनएसएसमध्ये जा. तिथे माणसं मिळतात, आणि पुढचं सगळं माणसांवरच उभं राहतं.

निवडणुकीला मी उभं राहावं हे शिबिरातल्याच मैत्रिणींनी काढलं. आमच्यातली एक धारबांदोड्याची. खरं तर उभं राहायचं होतं तिला. बोलायला धीट, अभ्यासात चांगली, कुणाचं काही अडलं की पुढे होणारी. तिने अर्जही भरला होता. पण छाननीत तो बाद झाला, कारण हजेरी पंचाहत्तर टक्के भरत नव्हती.

हा नियम कुठून आला ते तेव्हा मला माहीत नव्हतं. मग ग्रंथालयात बसून वाचलं. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००६ साली विद्यार्थी निवडणुकांबद्दल अहवाल दिला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या शिफारशी लागू करायला सांगितलं. वर्ष सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक, अर्जापासून निकालापर्यंतचं सगळं दहा दिवसांत, उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत, छापील पोस्टरला बंदी, त्या वर्षी एकही विषय राहिलेला नको, आणि पंचाहत्तर टक्के हजेरी. यातले बहुतेक नियम मला मनापासून पटतात. छापील पोस्टर नाही म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याचा चेहरा भिंतीवर मोठा, असं होत नाही. पण हजेरीच्या नियमाने आमच्या मैत्रिणीवर अन्याय झाला, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. ती वर्ग बुडवणारी नव्हती. सकाळी साडेआठच्या पहिल्या लेक्चरला तिची बस पोचायची आठ-चाळीसला. हजेरी तोवर घेऊन झालेली. असं पावसाळाभर चाललं की पंचाहत्तर कुठून भरणार?

अर्जाची मुदत संपायला एक दिवस होता. तिने स्वतःच माझ्या हातात कोरा फॉर्म दिला. "तूं उबी राव, आमी आसात," एवढंच म्हणाली. सूचक म्हणून तिची सही चालणार होती, अनुमोदक म्हणून वर्गातल्याच एका मुलाने सही केली. ओळखपत्राची प्रत, हजेरीचा दाखला, मागच्या सत्राची गुणपत्रिका, आणि आचारसंहिता पाळीन असं लिहून दिलेलं हमीपत्र. फॉर्म दोन पानांचाच असतो, पण कार्यालयात दाखला मिळायला वेळ लागतो. कागद आधीपासून तयार ठेवावेत. फॉर्म निघाल्यावर धावपळ करणाऱ्यांची गाडी तिथेच चुकते.

प्रचार मी फार केला नाही, करायला वेळही नव्हता. पोस्टरं हाताने रंगवायची आणि कॉलेजने ठरवून दिलेल्या भिंतीवरच लावायची. ती आम्ही घरी रात्री बसून केली, माझ्या धाकट्या बहिणीचं अक्षर सुरेख आहे. बाहेरच्या एका संघटनेची मुलं भेटायला आली. पाठिंबा देतो, खर्चाचं बघतो, म्हणाली. मी नको म्हटलं. विद्यार्थी संघटनांना विरोध म्हणून नव्हे. त्यांच्यात मनापासून काम करणारी मुलं मी पाहिली आहेत. पण वर्गप्रतिनिधी वर्गाचा असावा, दुसऱ्या कुणाचा नसावा, एवढं मला स्पष्ट होतं.

वर्गासमोर बोलायला प्रत्येकाला पाच मिनिटं मिळाली. बाकीचे उमेदवार डेज, फेस्ट, नवं बास्केटबॉल कोर्ट यांबद्दल बोलले. मी एकच गोष्ट बोलले. साडेचारची बस. कोकणीतूनच बोलले, घरी बोलतो तसं. "बस चुकली जाल्यार कितें करतली?", म्हणजे बस चुकली तर काय करशील, हा प्रश्न आमच्या आया रोज विचारतात, आणि त्याचं उत्तर नाही म्हणून आपण कशातच नसतो. मी निवडून आले तर तालमी बसच्या वेळेत बसवायचा प्रयत्न करीन. एवढंच. मागच्या बाकांवरून टाळ्या आल्या. ती सगळी माझ्यासारखीच स्टँडवर भेटणारी मुलं होती.

मतदान चिठ्ठ्यांनी झालं आणि मोजणी त्याच दुपारी. निकाल लागला तेव्हा मी स्टँडच्या वाटेवर होते, फोनवर कळलं.

आमच्याकडे वर्गप्रतिनिधी थेट निवडले जातात, मग प्रतिनिधी आपल्यातून सचिव निवडतात. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठाचं जे विद्यार्थी मंडळ असतं त्याची निवडणूकही अप्रत्यक्षच: कॉलेजांनी निवडून पाठवलेले प्रतिनिधी तिथे मत देतात. त्या निवडणुकीची वर्तमानपत्रांत चर्चा होते, राजकीय पक्षांचं लक्ष असतं. पण विद्यार्थ्याचं रोजचं जगणं बदलायचं तर कॉलेजचं मंडळच हाताशी असतं, असं माझं ठाम मत झालं आहे. सांस्कृतिक सचिवपद मी मागून घेतलं. क्रीडा सचिवाला मैदान आणि संघ सांभाळायचे असतात, नियतकालिकाच्या संपादकाला लेख. तालमींच्या वेळा सांस्कृतिक सचिवाच्या हातात असतात, आणि मला त्याच हव्या होत्या.

चवथीची सुट्टी संपल्यावर पहिली बैठक झाली. मी विषय मांडला आणि लगेच लक्षात आलं की नुसतं सांगून कुणाला पटत नाही. फोंड्यात राहणाऱ्या मुलांना हे खरंच ठाऊक नव्हतं. त्यांची स्कूटर बाहेर उभी असते, सहाला निघाली तरी साडेसहाला घरी. "एवढी मुलं कुठे आहेत लांबची?" असं एकाने विचारलं, आणि तो काही दुष्टपणाने विचारत नव्हता.

म्हणून वही फिरवली. दोनशे पानी साधी वही, प्रत्येक वर्गात एकेक दिवस. नाव लिहायचं नाही. गाव, कुठे बस बदलते, फोंड्याहून शेवटची उपयोगाची बस किती वाजता, आणि कशात भाग घ्यायला आवडेल, एवढे चार रकाने. वही परत आली तेव्हा आम्ही सगळे वाचत बसलो. मोले, कुळे, साकोर्डा, शिगाव, केरी, सत्तरीतलं ठाणे, भिरोंडा. एकेका गावापुढे वेळ: चार-दहा, साडेचार, पावणेपाच. शेवटच्या रकान्यात फुगडी, घुमटवादन, नाटक, कविता, निवेदन. एका मुलाने लिहिलं होतं, 'रणमालेंत काम करतां.' रणमालें हे सत्तरीतलं लोकनाट्य, ते करणारा मुलगा दोन वर्षं आमच्याच कॉलेजात शिकत होता आणि कॉलेजला त्याचा पत्ता नव्हता. घोडेमोडणी या लोकनृत्यात नाचणारेही निघाले. धालो, कळशी फुगडी हे बायकांचे नाच ज्यांच्या अंगात भिनलेल्या आहेत अशा मुली निघाल्या. दरवर्षी आपण फेस्टसाठी लोकनृत्याचे दिग्दर्शक बाहेरून पैसे देऊन आणतो, आणि ते नृत्य लहानपणापासून मांडावर, म्हणजे गावच्या ठरलेल्या अंगणात, करणाऱ्या मुली साडेतीनला बॅग उचलून निघून जातात! हे मी बैठकीत बोलले तेव्हा माझा आवाज चढला होता. चढायलाच हवा होता.

याच दिवसांत आमच्या इतिहासाच्या सरांनी मला बोलावून एक गोष्ट सांगितली, जी प्रत्येक गोमंतकीय विद्यार्थ्याला माहीत असायला हवी. १९७८-७९ साली गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी बसभाड्यात पन्नास टक्के सवलत मिळावी म्हणून फार मोठं आंदोलन केलं. तेव्हा सरकारी बस चालवणारं कदंब महामंडळ नव्हतं, ते १९८० मध्ये आलं. गोवा विद्यापीठही नव्हतं, ते १९८५ चं. कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. तरी मुलं गोवाभर रस्त्यावर उतरली आणि अर्धं तिकीट मिळवलं. सर म्हणाले, "गोव्यातली विद्यार्थी चळवळ बसमधून उभी राहिली, बाय. तू काही नवीन मागत नाहीस." हे ऐकून मला किती बळ आलं ते सांगता येणार नाही. तोपर्यंत मला आपला प्रश्न लहान वाटायचा. लोक शिक्षण धोरण, फीवाढ यांवर बोलतात आणि आपण बसची वेळ घेऊन बसलो आहोत, असं. त्यानंतर कधी वाटलं नाही.

मागण्या लिहून काढल्या. तालमी मधल्या मोठ्या सुट्टीत आणि शनिवारी दुपारी ठेवाव्यात. कार्यक्रमांची बक्षिसं साडेतीनच्या आत वाटून व्हावीत. फेस्टच्या आदल्या आठवड्यात कॉलेजची बस, जी खेळाचे संघ नेते, ती तिस्कपर्यंत आणि पुढे वाळपईपर्यंत सोडावी. आणि पहिल्या लेक्चरची हजेरी तास संपताना घ्यावी. प्राचार्यांनी तालमी आणि बस दोन्ही मान्य केलं. हजेरीचं मात्र 'ज्या त्या शिक्षकावर सोपवू' असं झालं. काही शिक्षक तेव्हापासून तासाच्या शेवटी हजेरी घेतात, काही घेत नाहीत. ते काम अर्धंच राहिलं.

फेस्ट जानेवारीत. त्याची तयारी म्हणजे नव्वद टक्के कागद आणि दहा टक्के रंगमंच. अंदाजपत्रक करायचं, ध्वनी आणि मंडपासाठी तीन ठिकाणची दरपत्रकं मागवायची, उचल घ्यायची, प्रत्येक खर्चाची पावती. प्रायोजकांसाठी आम्ही फोंड्याच्या बाजारात दुकान-दुकान हिंडलो. मोठ्या दुकानांनी 'मालक नाहीत' म्हणून परत पाठवलं, आणि एका लहानशा भांड्यांच्या दुकानदाराने ऐकून घेतलं, गल्ल्यातून पैसे काढले आणि जाहिरात नको म्हणाला. त्याची मुलगीही रोज बसने मडगावला शिकायला जात होती.

सगळ्यात जास्त वाद संध्याकाळच्या बँडवरून झाला. दरवर्षी फेस्टचा शेवट संध्याकाळी सातला बँडने व्हायचा आणि काही जणांसाठी फेस्ट म्हणजे तेवढंच होतं. मी म्हटलं, तो दुपारी एकला ठेवू. उन्हात कोण नाचणार, रोषणाई कशी दिसणार, अशी भांडणं झाली. जीएसने, म्हणजे मंडळाच्या सरचिटणीसाने, शेवटी मधली वाट काढली: बँड दुपारी सभागृहात, दारंखिडक्या पडद्यांनी झाकून. तो मुलगा स्वतः संध्याकाळच्या बाजूचा होता. तरी वही वाचल्यापासून तो माझ्या बाजूने बोलायचा. मंडळात काम करताना मी पाहिलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट. मत बदलायला त्याला लाज वाटली नाही.

घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने म्हणायच्या घुमट आरतीच्या स्पर्धेसाठी एक नियम आम्ही ठळक छापला: घोरपडीच्या कातड्याचं घुमट चालणार नाही. घोरपडीला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं कातडं चढवतात. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली, तेव्हापासून कॉलेजांतही त्याचा मान वाढला आहे. काही जुनी मंडळी म्हणतात नाद तसा येत नाही. असेल. पण शामेळ हे तालवाद्य आणि कांसाळी म्हणजे झांजा यांच्याबरोबर वीस मुलं एका दमात आरती उचलतात तेव्हा सभागृहात कुणाला कातडं आठवत नाही.

आणि फुगडी. सत्तरी-धारबांदोड्याच्या मुलींचा संघ पहिल्यांदाच उभा राहिला. तालीम रोज मोठ्या सुट्टीत, ग्रंथालयामागच्या व्हरांड्यात, डबा दोन घासांत संपवून. कळशी फुगडीत कळशीत फुंकर घालून ताल धरावा लागतो, त्याला छाती लागते. ऊन असायचं, वेळ कमी असायचा, पण या मुलींना शिकवावं काही लागलंच नाही. पायांना सगळं आधीच येत होतं, फक्त एकमेकींच्या गावच्या चाली जुळवायच्या होत्या. केरीच्या मुली गिरकी एका बाजूने घ्यायच्या, कुळ्याच्या दुसऱ्या. यावरून हसून हसून तालमी लांबायच्या. रणमालें करणारा मुलगा निवेदक झाला. माईक त्याच्या हाती आल्यावर तो जसा बोलला, तसं आमच्या कॉलेजच्या रंगमंचावर मी त्याआधी कुणाला बोलताना ऐकलं नव्हतं.

फेस्टच्या दिवशी माझी आई आली होती, आणि तिच्याबरोबर गावातल्या आणखी दोघींच्या आया. त्यांनी कॉलेज आतून पहिल्यांदाच पाहिलं. फुगडी सुरू झाली तेव्हा त्या जागेवर बसू शकल्या नाहीत, खुर्च्यांच्या रांगेतूनच ताल धरला. लोकनृत्यात आमच्या मुलींना पहिलं बक्षीस मिळालं. ते सव्वातीनला मिळालं, हे मला बक्षिसाइतकंच महत्त्वाचं वाटतं. चारला आम्ही स्टँडवर होतो, साड्या आणि गजरे तसेच, आणि कंडक्टरने विचारलं, आज लग्न कुणाचं?

त्यानंतरचं काम कंटाळवाणं, पण ते टाळू नये. पंधरा दिवसांत हिशेब दिला, उरलेली उचल परत केली, प्रत्येक पावतीवर सही. सहभागाची प्रमाणपत्रं स्वतः तपासली. नाव चुकलेलं प्रमाणपत्र मुलं फाइलमध्ये ठेवतात खरी, पण मनात ठेवत नाहीत. पुढच्या मंडळासाठी एक फाइल केली: कुणाला पत्र लिहिलं, कुणी किती दिवसांत उत्तर दिलं, कुठला अर्ज कोणत्या टेबलावर जातो. ही फाइल आधीच्यांनी आम्हाला दिली असती तर किती वेळ वाचला असता! मंडळं दरवर्षी बदलतात आणि दरवर्षी शून्यापासून सुरुवात होते. आपल्या कॉलेजांमधल्या विद्यार्थी राजकारणाची खरी कमजोरी मला ती वाटते. भांडणं, गट, पोस्टरं याबद्दल सगळे बोलतात. नोंदी ठेवण्याबद्दल कुणी बोलत नाही.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा मी उभी नाही. वही नव्या मुलांनी पुन्हा फिरवली, कारण वेळा बदलल्या आहेत आणि कुळ्याची एक गाडी बंद झाली आहे. धारबांदोड्याच्या मैत्रिणीने या वर्षी जूनपासून एक आधीची बस धरली. पहाटे पाचला उठते, पहिल्या लेक्चरच्या अर्धा तास आधी येऊन कॅन्टीनमध्ये भाजी-पाव खाते आणि अभ्यास करते. एवढं तिला करावं लागावं हे मला अजून मान्य नाही, आणि हजेरीचा विषय नव्या मंडळाच्या पहिल्याच बैठकीत यावा म्हणून मी अर्ज लिहून ठेवला आहे. तिने जीएसच्या पदासाठी फॉर्म भरला. या वेळी छाननीत तो टिकला. मतदान शनिवारी आहे, दुपारी बारापर्यंत. मोजणीही दोनच्या आत व्हावी असं आम्ही निवडणूक अधिकारी असलेल्या मॅडमना लिहून दिलं होतं, आणि काल त्यांनी तशी नोटीस लावली.